गाडी मागून बसते? शॉकअप बदलण्याआधी एवढं मोजून घ्या

जळगाव/धुळे : वजनदार माणूस गाडीवर बसला की मागचा भाग खाली जातो, गतिरोधकावर ‘ठक्’ असा आवाज येतो, मडगार्डला टायर घासतो. गॅरेजवर गेलं की एकच उत्तर मिळतं, ‘शॉकअप गेले, जोडी टाका.’ नवी जोडी टाकली तरी महिना-दोन महिन्यांत गाडी पुन्हा बसते, कारण बऱ्याचदा मूळ दोष शॉकअपचा नसतोच. एक मेजर टेप, एक मदतनीस आणि पंधरा मिनिटं एवढ्यावर घरच्या अंगणातच कळतं की दोष कुठे आहे.

आपल्याकडे पाणंद रस्त्यावर, केळीच्या बांधावर आणि डेअरीपर्यंत जी गाडी पळते ती बहुतेक 100 ते 125 सीसीची मोटारसायकल. परदेशातल्या शेतात चार चाकांची एटीव्ही जे काम करते ते इथे स्प्लेंडर, प्लॅटिना, एचएफ डिलक्स आणि टीव्हीएस एक्सएल करतात. त्यामुळे पुढची सगळी माहिती दुचाकी धरून आहे. एटीव्हीलाही नियम तेच लागू पडतात, फक्त मोजायच्या जागा वेगळ्या.

शॉकअपमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात

बाहेर दिसते ती स्प्रिंग. वजन उचलते ती हीच. आतल्या नळीत तेल, पिस्टन आणि काही गाड्यांत नायट्रोजन गॅस असतो. तेलाचं काम वजन उचलायचं नाही, तर स्प्रिंगची उसळी आवरायचं. तेल गेलं तर गाडी होडीसारखी डोलते, पण खाली बसत नाही. स्प्रिंग थकली किंवा वजनाच्या मानाने कमी पडली तर गाडी खाली बसते, पण डोलत नाही. दोन्ही एकदम बिघडलेली गाडीही असते, ती गोष्ट निराळी.

तेलाची परीक्षा सोपी आहे. गाडी दोन्ही चाकांवर सरळ धरा, सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबा आणि एकदम सोडा. मागचा भाग वर येऊन जागेवर थांबला तर तेल ठीक. दोन-तीनदा खाली-वर झाला तर तेल संपलं. चकचकीत दांड्यावर तेलकट चिखलाचा थर दिसला तर सील फुटलं आहे असं समजा. पावसाळ्यात आपली काळी माती दांड्याला चिकटून वाळते आणि सील खाते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 44-45 अंशांवर गेला की तेल पातळ होतं, म्हणून हिवाळ्यात ठीक वाटलेली गाडी उन्हाळ्यात जास्त डोलते.

आधी दोन फुकटची कामं

पहिलं काम हवेचं. मागच्या टायरात हवा कमी असली तरी गाडी बसल्यासारखी वाटते. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना मागच्या चाकात एकट्यासाठी 28 ते 30 पॉइंट आणि डबलसीटसाठी 36 ते 40 पॉइंट हवा सांगितलेली असते. नेमका आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. नव्वद किलोच्या माणसाने एकटा बसलो म्हणून एकट्याचीच हवा ठेवायची आणि मागे पोतंही टाकायचं, हे चालत नाही.

दुसरं काम बुशचं. गाडी डबल स्टँडवर लावा, मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. ‘कट कट’ खेळ लागला तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग झिजलं आहे. शॉकअपच्या वरच्या-खालच्या रबरी बुशचेही तुकडे पडतात. त्यातून येणारा आवाज लोक शॉकअपचा समजतात आणि फुकटची जोडी घेतात.

आता टेप

मागच्या चाकाच्या एक्सलच्या नटपासून सरळ वर, साईड पॅनलवर किंवा सीटच्या खालच्या पत्र्यावर खडूने एक खूण करा. तीन मापं घ्यायची. पहिलं, गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत लोंबतं असताना. दुसरं, गाडी चाकांवर सरळ उभी, वर कोणी नाही. तिसरं, नेहमी चालवणारा माणूस नेहमीच्या कपड्यांत, पाय फूटरेस्टवर ठेवून बसलेला, आणि एकाने समोरून हँडल धरलेलं. तिसऱ्या मापाला मदतनीस लागतोच, एकट्याने हे जमत नाही.

समजा 95 किलोचा माणूस आहे. लोंबत्या चाकाचं माप 50 सेमी आलं, मोकळ्या गाडीचं 48.5 आणि माणूस बसल्यावर 45.5. म्हणजे माणसासकट गाडी साडेचार सेमी खाली गेली. शॉकअपची एकूण चाल 9 सेमी धरली तर निम्मी चाल बसण्यातच संपली, खड्ड्यासाठी उरली फक्त निम्मी. माणूस बसल्यावर चालीचा साधारण तिसरा हिस्सा खर्च व्हावा, असा जुना हिशोब आहे. म्हणजे इथे 3 सेमी.

आता स्प्रिंगच्या बुडाशी असलेली खाचांची रिंग फिरवा. स्प्लेंडरला अशी पाच घरं आहेत, एचएफ डिलक्सला दोन, काही गाड्यांना रिंगच नसते. गाडी डबल स्टँडवर, वजन काढून, रिंग आधी डिझेल-ब्रशने धुवून आणि तेल सोडून, टूलकिटमधल्या हुक पान्याने एक एक घर फिरवायचं. पहिल्या घरातून उलटं फिरवून थेट पाचव्यात उडी मारायची नाही, शॉकअप खराब होतो. डावी-उजवी दोन्ही बाजू एकाच घरात हव्यात. एक बाजू तिसऱ्यात, दुसरी पाचव्यात अशा गाड्या सर्रास दिसतात आणि त्या वळणावर एका अंगाला ओढतात.

रिंग शेवटच्या घरात नेऊन पुन्हा मोजा. समजा गाडी सगळीकडे 1 सेमीने उंचावली. मोकळी गाडी आता 49.5 आणि माणूस बसल्यावर 46.5. माणसासकट 3.5 सेमी, म्हणजे बऱ्यापैकी जमलं. पण मोकळी गाडी आता अर्धाच सेमी बसते आहे. खरी गोम इथे आहे.

रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते, म्हणून गाडी उंच उभी राहते. प्रत्येक किलोला ती पूर्वीइतकीच दबते. आपल्या उदाहरणात आधीही माणूस बसल्यावर 3 सेमीचा फरक पडला होता आणि आताही 3 सेमीचाच आहे. मोकळी गाडी जवळजवळ बसतच नाही आणि माणूस बसला की खूप बसते, अशी मापं आली तर समजायचं की या माणसाला ही स्प्रिंग कमी पडते. उलट रिंग मधल्या घरात असतानाच दोन्ही मापं नीट आली तर एक रुपयाही खर्च करू नका.

दुधाच्या कॅनचा हिशोब

आता याच गाडीवर 40 लिटरचे दोन कॅन लावू. एक लिटर दूध एक किलोहून थोडं जास्त भरतं, म्हणजे 80 लिटरचे 82 किलो. कॅनचं स्वतःचं वजन धरून शंभरीच्या जवळ. गाडीवर बसलेल्या माणसाचं निम्म्याहून थोडं जास्त वजन मागच्या चाकावर येतं, बाकी पुढे जातं. कॅन मात्र एक्सलच्या वर किंवा त्याच्याही मागे लटकतात, त्यामुळे त्यांचं जवळपास सगळं वजन मागच्या शॉकअपवर.

95 किलोच्या माणसाचे साधारण 57 किलो मागे येऊन गाडी 3 सेमी दबली, म्हणजे प्रत्येक सेमीला 19 किलो. कॅनच्या 98 किलोला हिशोबाने आणखी 5 सेमीहून जास्त दबणार. आधीचे 3.5 धरून झाले 8.7 सेमी, आणि एकूण चाल 9. म्हणजे गाडी उभी असतानाच शॉकअप तळाला टेकला. त्यानंतरचा प्रत्येक खड्डा सरळ चिमट्याला, चेसिसला आणि चालवणाऱ्याच्या कंबरेला.

स्प्लेंडर प्लसच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त भार 130 किलो दिला आहे, माणूस आणि माल धरून. आपला माणूस आणि दोन कॅन होतात 193. इथे कोणतीही रिंग आणि कोणताही शॉकअप गाडीला त्या वजनाची करू शकत नाही. शॉकअप कडक केला तर वजन पुढच्या अवयवावर ढकललं जातं : स्पोक, रिम, चाकाचं बेअरिंग, चिमट्याचे वेल्डिंग. तुटायची वेळ आली तर ती वस्तू बहुधा वेगात असतानाच तुटते. 95 किलोच्या माणसाला कायद्याने आणि कंपनीच्या हिशोबाने उरतात 35 किलो. युरियाची गोणी आता 45 किलोची, डीएपीची 50 किलोची. म्हणजे अशा माणसाने एक गोणी टाकली तरी मर्यादा ओलांडली. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण आकडा आकडा आहे. कॅन दोन खेपांत नेणं किंवा एक खेप हलक्या माणसाने करणं हाच त्यावरचा इलाज. गोणी न्यायचीच तर ती मागच्या कॅरिअरच्या टोकाला न ठेवता सीटवर पुढे सरकवून घ्या, निदान थोडं वजन पुढच्या चाकावर जातं.

फक्त माणूस वजनदार असेल तर

भार मर्यादेत आहे, तेल ठीक आहे, रिंग शेवटच्या घरात आहे आणि तरीही गाडी बसते. आता स्प्रिंग बदलायची वेळ आली. आधी पाहा की जुनी स्प्रिंग थकली तर नाही. दोन्ही शॉकअप काढून शेजारी उभे करा, दुकानातल्या नव्या जोडीच्या स्प्रिंगशी उंची जुळवा. जुनी आखूड दिसली तर कंपनीचीच नवी जोडी पुरेल. हिरोला मुंजाल शोवाचे शॉकअप येतात, बजाजच्या बऱ्याच गाड्यांना वाळूजच्या एन्ड्युरन्सचे. बाजारात गॅब्रिएलही मिळतात. डब्यावरचा पार्ट नंबर आपल्या मॉडेलशी जुळवून घ्यायचा. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ म्हणून दिलेला शॉकअप घेऊ नका.

कडक जोडी घ्यायची तर आधी दोन्ही टोकांच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ते जुन्याइतकंच हवं. लांब शॉकअप टाकला की मागचा भाग उचलतो, डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकतं, चेनचा कोन बदलतो आणि वेगात हँडल हलकं लागतं.

कडकपणा किती घ्यावा याला एक हिशोब आहे. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. गुंडाळी तीच ठेवून 7 मिमीची तार 8 मिमीची केली तर स्प्रिंग सुमारे 70 टक्के कडक होते. दिसायला एक मिमी, पण घरची बाई किंवा पोरगा तीच गाडी घेऊन गेला तर त्याला दगडावर बसल्यासारखं होईल. शिवाय आतलं तेल जुन्या स्प्रिंगची उसळी आवरायच्या मापाचं असतं. जास्त कडक स्प्रिंग त्याला ऐकत नाही आणि खड्ड्यानंतर गाडी मागून उडवते. म्हणून नुसती स्प्रिंग बदलण्यापेक्षा पूर्ण शॉकअप घेणं बरं.

हे मात्र करू नका

स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जुन्या टायरचे रबरी तुकडे ठोकणं गावोगावी चालतं. गाडी उंच दिसते खरी, पण तेवढे वेढे बंद पडतात आणि उरलेल्यांवर सगळा ताण येऊन स्प्रिंग तुटते. वेढा कापून स्प्रिंग कडक होते हे खरं आहे, पण ती आखूडही होते आणि खड्ड्यात सुटून जागेवरून सरकू शकते. गॅसच्या नळीने तापवून ताणलेली स्प्रिंग तर चार दिवसांची पाहुणी, कारण तापवल्यावर पोलादाचं पाणी उतरतं. आणि गॅसचा शॉकअप रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडे अजिबात नेऊ नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, तापवला की फुटतो.

चेसिसला पट्ट्या वेल्ड करून तिसरा शॉकअप बसवणं हा आणखी एक प्रकार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. अपघातानंतर विम्याच्या माणसाने असा बदल टिपला तर दावा अडकू शकतो.

काम झाल्यावर दोन गोष्टी

मागची उंची बदलली की चेनचा ढिलेपणाही बदलतो. माणूस बसलेला असताना चेन ताठ झाली नाही ना, हे बघून मगच नट आवळा.

दुसरं हेडलाइटचं. मागून बसलेल्या गाडीचा दिवा वर बघतो. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव हा 53 क्रमांकाचा महामार्ग रात्री ट्रकने भरलेला असतो आणि समोरच्याच्या डोळ्यात दिवा गेला की तो आपल्याला चुकवू शकत नाही. नेहमीचा माणूस आणि नेहमीचा माल ठेवून गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. डिपरचा उजेड हेडलाइटच्या उंचीच्या खाली पडायला हवा. वर पडत असेल तर हेडलाइटच्या खालचा स्क्रू फिरवून घ्या. माल उतरवल्यावर उजेड जवळ पडेल, तेव्हा तो स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो. स्टिकरचा एक तुकडा भिंतीवर कायमचा लावून ठेवला तर हे काम मिनिटभराचं.