बाभळीपासून कार्बनपर्यंत: बारामती-इंदापूर पट्ट्यातील चाकाचा इतिहास

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचा आर्थिक इतिहास बहुधा पाण्याच्या अंगाने लिहिला जातो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी या दुष्काळी माळांवर खेळू लागल्यानंतर जे घडले ते पाहता त्यात वावगे काही नाही. मात्र कालव्याने पिकवलेला ऊस शेतातून गुऱ्हाळापर्यंत आणि पुढे साखर कारखान्यापर्यंत पोचवायचा तर चाक लागते, आणि या चाकाकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. आज बारामती एमआयडीसीत तीनचाकी, स्कूटर आणि मोटारसायकली तयार होत असताना, जगातील महागड्या मोटारींना बसणारे कार्बन तंतूंचे चाक कितपत मजबूत आणि कितपत व्यवहार्य, या प्रश्नाचे उत्तर याच परिसरातील जुन्या चाकांच्या आधारे शोधता येते.

पारंपरिक बैलगाडीचे चाक हे सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांचे सामाईक काम होते. मध्यभागी जाड लाकडाचा तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वर्तुळाकार जोडलेले पुठ्ठे आणि या सर्वांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव, अशी त्याची रचना असे. लाकूड बहुधा बाभळीचे, कारण ते चिवट असते आणि माळरानावर सहज मिळते. चाकाची खरी ताकद धाव चढवण्याच्या क्रियेत होती: पुठ्ठ्यांच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेले लोखंडी कडे गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायचे, प्रसरण पावलेले ते कडे चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे, म्हणजे निवताना ते आकसून लाकडाचा प्रत्येक सांधा कायमचा दाबून धरते. भार येण्यापूर्वीच पदार्थात हेतुपुरस्सर ताण भरून ठेवण्याच्या या युक्तीला आधुनिक अभियांत्रिकीत पूर्वताण म्हणतात, आणि गावच्या लोहाराला हे नाव ठाऊक नसले तरी किती घेर कमी ठेवायचा हे त्याला अचूक कळत असे. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की कडे कापून, तुकडा काढून, पुन्हा जोडून चढवले जाई. दोष डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई आणि गावातच दुरुस्त होई.

या चाकाला बाजूला सारले ते हवा भरलेल्या रबरी टायरने. लोखंडी धावेचा सारा भार जमिनीच्या अरुंद पट्टीवर येई, त्यामुळे रस्ते कापले जात आणि ओल्या शेतात गाडी रुते. रबरी टायर आणि तुंब्यातील बेअरिंग यांमुळे तोच भार रुंद जागेवर पसरला आणि बैलांना लागणारी ओढ कमी झाली. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर अशा कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात बीड आणि नगरकडून येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या हाती जी टायरगाडी दिसते, ती या बदलाचे अपत्य होय. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: टायरगाडीचे चाक लाकडी चाकापेक्षा अधिक मजबूत होते म्हणून ती रुळली असे नव्हे, तर ते भार अधिक चांगला वाटून घेत होते म्हणून.

वजन आणि ताकद यांचा हिशेब किती काटेकोर होऊ शकतो, याचे उदाहरण इंदापूर तालुक्यातच आहे. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात कळंब परिसरातील माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे तेथील कार्यशाळा साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवू लागली आणि तिथून अणुऊर्जा व अवकाश या क्षेत्रांतील जड कामांकडे वळली. इस्रोच्या अग्निबाणांसाठी घन इंधन भरण्याची पोलादी आवरणे येथे तयार होतात. पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचे 2.8 मीटर व्यासाचे आवरण मॅरेजिंग पोलादाचे, म्हणजे निकेलचे प्रमाण भरपूर असलेल्या आणि उष्णतेच्या प्रक्रियेने विलक्षण कठीण केलेल्या पोलादाचे असते. त्याच अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे आवरण मात्र केव्हलार या कृत्रिम तंतूचे आणि राळेचे असते. खालचा टप्पा लवकर गळून पडतो, त्यामुळे तेथील एका किलोचा बोजा उपग्रहाला फारसा जाणवत नाही. वरच्या टप्प्यातील एक किलो मात्र कितीतरी अधिक प्रमाणात उपग्रहाच्या वाट्यातून वजा होतो. म्हणून महाग तंतू कुठे वापरायचा हे त्याच्या ताकदीवरून ठरत नाही, वजन कुठे नडते त्यावरून ठरते.

मोटारीत वजन सर्वांत जास्त नडते ते चाकात. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ते थेट झेलते आणि ते जितके जड तितके टायर रस्त्याला धरून राहणे कठीण. शिवाय कडेवरच्या वजनाला पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते, त्यामुळे तेथील एक किलोला वेग देण्यास गाडीच्या सांगाड्यातील एका किलोच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. हे जाणून फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या एसएम मोटारीसाठी मिशलँने 1970 च्या दशकारंभी तंतू आणि राळ यांची चाके बनवली होती, पण ती प्रथा पुढे चालली नाही. कार्बन तंतूचे एकसंध चाक मोठ्या संख्येच्या उत्पादनात आले ते 2015 मध्ये, फोर्डच्या शेल्बी जीटी350आर या मोटारीवर. ते ऑस्ट्रेलियातील गिलाँग येथील कार्बन रिव्होल्यूशन या कंपनीने बनवले आणि त्याचे वजन सुमारे 8 किलो होते, तर तशाच अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाचे सुमारे 15.

कार्बन तंतू म्हणजे बहुतेक वेळा पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्याला प्रथम हवेत आणि नंतर प्राणवायूविना हजार अंश सेल्सियसहून अधिक तापवून उरणारा, केसाहून कितीतरी बारीक असा जवळजवळ शुद्ध कार्बनचा तंतू. त्याच्या लांबीच्या दिशेने ओढ दिली तर साध्या पोलादापेक्षा तो अनेक पटींनी अधिक ताण सोसतो आणि राळेत बसवल्यावरही त्याची घनता पोलादाच्या सुमारे एकपंचमांश राहते. आडव्या दिशेने मात्र ताकद फक्त राळेची, म्हणून चाकातील थर वेगवेगळ्या कोनांत रचावे लागतात; बाभळीचा आरा तंतूंच्या दिशेने उभा बसवणारा सुतार हाच नियम पाळत होता. वारंवार येणाऱ्या भाराने थकून तडा जाण्याच्या बाबतीत, म्हणजे ज्याला श्रांती म्हणतात त्यात, हा पदार्थ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सरस आहे. तेव्हा ‘कार्बनचे चाक फुटेल’ ही सरसकट भीती निराधार म्हणावी लागेल.

अडचण ताकदीची नाही, ती मोडण्याच्या रीतीची आहे. पोलादी रिम खड्ड्यात आपटली तर वाकते, आणि वाकणे हीच तिची तक्रार असते. गॅरेजवाला हातोड्याने ती पुन्हा गोल करतो. कार्बनमध्ये वाकण्याची ही मधली पायरी नसते: आघाताने आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि बाहेरून वार्निश अभंग दिसते, त्यामुळे अशा चाकाची खात्री करायला ध्वनिलहरींनी आत पाहणारे उपकरण लागते. उष्णता हा दुसरा शत्रू, कारण ब्रेकजवळ राळ मऊ होऊ शकते. फोर्डच्या त्या चाकावर अंतराळयानांच्या इंजिनातील पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जातीचा सिरॅमिक लेप द्यावा लागला होता. किमतीचा विचार तर वेगळाच: पोर्शने 2017 मध्ये 911 टर्बो एस या मोटारीच्या एका विशेष आवृत्तीसाठी दिलेल्या चार कार्बन चाकांच्या संचाला जर्मनीत पंधरा हजार युरोंहून अधिक मोजावे लागत, आणि त्यात चारही चाकांची मिळून बचत होती 8.5 किलो.

पियाजिओ या इटालियन कंपनीचा बारामतीतील कारखाना या संदर्भात बोलका आहे. 1946 मध्ये व्हेस्पा आणि त्यानंतर दोन वर्षांनी तीनचाकी आपे घडवणारा कोराडिनो दास्कानिओ हा मुळात विमानांचा अभियंता होता. व्हेस्पाचे पुढचे चाक त्याने विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, त्यामुळे ते मोटारीच्या चाकाप्रमाणे चटकन निघे. आणि तिच्या पोलादी रिमचे दोन भाग नटांनी जोडलेले असल्याने टायर काढण्यासाठी तो कडेवरून ओढून काढावा लागत नसे. बजाजने 1960 च्या दशकात परवान्याने व्हेस्पा बनवली तेव्हा हीच रिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आली आणि एका पान्यावर पंक्चर काढणाऱ्या हजारो टपऱ्या तिच्यावर चालल्या. नव्वदच्या दशकाअखेर आपे बारामतीत तयार होऊ लागली आणि 2012 मध्ये व्हेस्पाही येथे बनू लागली. विमानविद्येतील अभियंत्याने येथे हलक्या वजनापेक्षा सहज दुरुस्तीला अधिक मान दिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपे ही मालवाहू गाडी. तिच्या चाकातून दोन-चार किलो उतरले तरी मालकाच्या दिवसाच्या कमाईत फरक पडत नाही, पण एक चाक तडकून गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता थकतो. स्पर्धेच्या मैदानावर धावणाऱ्या मोटारसायकलीत हेच गणित उलटते; बारामतीतच तयार होणाऱ्या अ‍ॅप्रिलिया आरएस 457 सारख्या वेगवान गाडीलाही अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके पुरतात, यावरून ते नेमके कुठे उलटते याची सीमा कळते. भारतात चाकांना कोपऱ्यावर वळताना येणाऱ्या वाकाची, उभ्या भाराची आणि कडेवर बसणाऱ्या आघाताची अशा तिहेरी चाचण्यांतून जावे लागते, आणि पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांत त्या होतात. कार्बनचे चाक अशा चाचण्या पार करू शकते. पण त्यानंतर इंदापूर-बारामती रस्त्यावर ते एखाद्या खड्ड्यात आदळले, तर त्याच्या आत काय झाले हे सांगू शकणारा माणूस पंक्चरच्या टपरीत बसलेला नसतो.