चवीचे शब्द कोणाचे?

इंग्रजी श्रीमंत भाषा आहे, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला शब्द आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमची मुले घरात दखनी बोलतात, वर्गात उर्दू, बाजारात मराठी, आणि या तिन्हींपेक्षा इंग्रजी मोठी मानतात. या श्रीमंतीचा हिशेब एकदा स्वयंपाकघरात बसून मांडायला हवा. अन्न, चव आणि वास यांसाठी इंग्रजी जे शब्द वापरते, त्यातले मूळचे तिचे फार थोडे. बाकीचे इंग्रजांवर राज्य करणाऱ्यांकडून आले, त्यांना माल विकणाऱ्यांकडून आले, किंवा ज्यांच्यावर त्यांनी राज्य केले त्यांच्याकडून आले.

पाळणाऱ्याची काऊ, खाणाऱ्याचे बीफ

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडची गादी घेतली. पुढची सुमारे तीनशे वर्षे दरबार, न्यायालये आणि उमरावांच्या घरात फ्रेंच चालली. शेतात आणि गोठ्यात इंग्रजीच राहिली. म्हणून जिवंत जनावरांची नावे आजही जुन्या इंग्रजीतली आहेत : काऊ, काफ, शीप, स्वाइन. तेच जनावर शिजून ताटात आले की नाव फ्रेंच होते : बीफ, व्हील, मटन, पोर्क. वॉल्टर स्कॉट यांनी १८१९ च्या ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत विदूषक आणि डुकरे राखणारा गडी यांच्या बोलण्यातून हा मुद्दा मांडला आणि तो जगभर पसरला. ही वाटणी एका दिवसात झाली नाही. कित्येक शतके दोन्ही शब्द दोन्ही अर्थांनी चालत होते, नंतर हळूहळू त्यांच्या जागा ठरल्या. पण जागा ठरल्या त्या अशाच : राबणाऱ्याचा शब्द गोठ्यात, मालकाचा शब्द ताटात. आपले ‘मटण’ याच नॉर्मन स्वयंपाकघरातून इंग्रजीमार्गे आले आहे. तिकडे ते मेंढीचे होते, आपल्याकडे बहुधा बोकडाचे असते.

रोस्ट, बॉइल, फ्राय, सॉस, डिनर हेही फ्रेंच. स्वीट, सॉर, सॉल्ट, बिटर या चार मूळ चवी मात्र जुन्या इंग्रजीतल्या आहेत. बिटर हा शब्द तर ‘बाइट’चा, म्हणजे चावण्याचा, नातलग. कडू ते चावते! मात्र खुद्द चवीला इंग्रजीत जो शब्द आहे, तो ‘टेस्ट’, फ्रेंचांकडूनच आला. त्याचा जुना अर्थ हाताने चाचपून पाहणे. त्याआधी इंग्रजांचा घरचा शब्द होता ‘स्मॅक’. आज तो एखाद्या गोष्टीला संशयाचा दर्प येतो, असे म्हणण्यापुरता उरला आहे.

पुढे अठराव्या शतकात ‘टेस्ट’ जिभेवरून उठून दिवाणखान्यात गेला. डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ साली अभिरुचीच्या कसोटीवर निबंध लिहिला, तोही याच शब्दाखाली. उर्दू वाचकाला याचे नवल वाटणार नाही. अरबी ‘ज़ौक़’ म्हणजे चाखणे आणि काव्याची जाणही. जेवणाचा ज़ायक़ा आणि बहादुरशाह ज़फर यांच्या उस्तादांचे तखल्लुस एकाच धातूतून आले आहेत. मराठीतली रुची आणि अभिरुची हीच गोष्ट सांगतात. फारसीत ‘मज़ा’ म्हणजे चव. मराठीने तो शब्द घेतला आणि चव विसरून नुसती मजा ठेवली.

वास कोणाला येतो?

वासाच्या शब्दांची कहाणी अधिक बोचरी आहे. आज इंग्रजीत ‘स्टेंच’ म्हणजे दुर्गंधी. जुन्या इंग्रजीत मात्र या शब्दाचा अर्थ नुसता वास, मग तो फुलांचा का असेना. ‘स्टिंक’ या क्रियापदाचेही तेच. मग सेंट आणि परफ्यूम हे फ्रेंच शब्द आले, ग्रीकमधून अरोमा आला. चांगले वास पाहुण्यांनी वाटून घेतले, आणि घरच्या शब्दांच्या वाट्याला घाण राहिली. चांगल्यावाईटाचा निवाडा करण्याइतका मान ज्यांना होता, त्यांच्या भाषेला सुवास मिळाला.

असे इंग्रजीतच झाले असे नाही. फारसी-उर्दूत ‘बू’ म्हणजे वास. त्याला ख़ुश लावला की ख़ुशबू, बद लावला की बदबू. पण काहीच न लावता नुसती ‘बू’ आली, तर माणूस नाकाला रुमाल लावतो. मराठीत सुगंध संस्कृतातला, अत्तर अरबीतले, आणि ‘वास येतोय’ म्हटले की नाक मुरडले जाते. शहरात भाड्याचे घर शोधताना ‘तुमच्या जेवणाचा वास येतो हो’ हे वाक्य मी ऐकले आहे, अगदी मऊ आवाजात. दलित मित्रमैत्रिणींनी ते आमच्याही आधीपासून ऐकले आहे. त्या वाक्यात मसाल्यांचा काही दोष नसतो. ज्याच्या हाती किल्ली असते तो स्वतःच्या जेवणाला घमघमाट म्हणतो आणि दुसऱ्याच्या जेवणाला वास.

शर्करा ते शुगर

नॉर्मनांनी राज्य केले, अरबांनी इंग्लंडवर कधीच केले नाही. तरीही इंग्रजीचा गोडवा बराचसा अरबीतून गेला. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, आणि इटली-फ्रान्समार्गे इंग्रजीत शुगर. आपली खांड फारसीत क़ंद झाली आणि तिथून कँडी. अरबांनी सिसिली आणि अंदालूसमध्ये ऊस लावला, तेव्हा उत्तर युरोप गोडासाठी मधावर अवलंबून होता.

‘शरिब’ म्हणजे तो प्याला. या एका अरबी क्रियापदापासून इंग्रजीत सिरप, शर्बेट आणि सॉर्बे आले. आपल्याकडे याच धातूतून सरबत आले आणि शराबही. सिरप आधी औषधाच्या बाटलीतून आले. बाराव्या शतकात टोलेडो शहरात अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवले जात होते. इब्न सीनांचा ‘क़ानून’ त्यातलाच, आणि युरोपातली विद्यापीठे तो पुढे शतकानुशतके शिकवत राहिली. लेमन, ऑरेंज, सॅफ्रन, टॅमरिंड या शब्दांनाही अरबी हात लागलेला आहे. टॅमरिंड म्हणजे ‘तम्र-ए-हिंदी’, हिंदुस्थानी खजूर. आपली चिंच अरबांना खजूर वाटली!

तिखटाला शब्द नव्हता

उरले तिखट. इंग्रजीत त्याला स्वतःचा साधा शब्द नाही, गरमला जो ‘हॉट’ तोच तिखटालाही. आपण यावर हसतो. पण डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखवून दिले, की सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता शरीरातला जो ग्राहक ओळखतो, त्यालाच मिरचीतले कॅप्सेसिन चेतवते. २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. तेव्हा ‘हॉट’ हा शब्द अडाणी नाही. आणि चवीचे शब्द आपल्याकडेही घसरले आहेतच. संस्कृतात कटू म्हणजे तिखट, त्याच शब्दापासून मराठीत ‘कडू’ झाले. तुरट मात्र आपल्याकडे सहा रसांत बसतो, इंग्रजी त्यासाठी लॅटिनमधला ‘ॲस्ट्रिंजंट’ आणते. तो शब्द जेवणाच्या टेबलापेक्षा दवाखान्यात जास्त शोभतो.

करी तमिळमधून, चटणी चाटण्यातून, केजरी खिचडीतून. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाककृतींच्या पुस्तकात ‘हिंदुस्थानी पद्धतीची करी’ आहे. तिच्यात मिरे आणि धणे आहेत. १८१० साली पाटण्याचे शेख दीन मुहंमद यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’ उघडले. हुक्का होता, हिंदुस्थानी जेवण होते. १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. लंडनने शब्द लगेच घेतले, ते जेवण रांधणाऱ्या माणसाला मात्र तोट्यात बुडू दिले. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी अशा अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश काढला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरममधल्या ‘या हसन, या हुसैन’चा गोऱ्या शिपायांनी केलेला तो अपभ्रंश आहे. आमचा मातम त्यांच्या कोशाचे शीर्षक झाला.

शुद्ध भाषा, शुद्ध ताट

मराठीतले फारसी-अरबी शब्द काढून टाका, असे अधूनमधून कोणी म्हणते. इंग्रजीने ते केले असते तर तिच्या ताटात ब्रेड, मिल्क आणि चार मूळ चवी उरल्या असत्या. तिने काय केले? इंग्रजी ‘ईट’ला फ्रेंच शेपूट जोडले आणि ‘ईटेबल’ केले.

मराठीनेही हेच केले. चव मराठी, ‘दार’ फारसी, दोन्ही मिळून चवदार. महाडच्या तळ्याचे नाव चवदार. गुरे तिथे पाणी पीत होती, आम्ही मुसलमानही पीत होतो, अस्पृश्यांना मात्र मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्या पाण्याला ओंजळ लावली. शब्द दोन घरांतून येऊन शेजारी बसले होते, माणसांना मात्र एका काठावर येऊ दिले जात नव्हते. भाषेचा इतिहास शिकवताना मी मुलांना एवढेच सांगते : शब्द कुठून आला हे जरूर विचारा, पण तळ्यावर कोणाला अडवले होते, हेही विचारा.