त्या घरात सैपाक कोण करत होतं?

मागच्या दिवाळीत पुतण्याची मुलगी पुण्याहून धारूरला आली होती. सकाळी चहा घेताना म्हणाली, "आजोबा, रात्री मोबाईलवर 'बावर्ची' पाहिला. किती छान ना ते भरलेलं घर! आपला वाडापण असाच होता का हो?"

मी तिला म्हटलं, "साखर कमी झालीय, थोडी आण बघू." उत्तर द्यायचं नसलं की शिक्षक मुलांना असंच काहीतरी काम सांगतात. उत्तर मला माहीत होतं, पण ते सकाळच्या चहाबरोबर देण्यासारखं नव्हतं. म्हणून आता इथे सविस्तर लिहितो. आपल्या घरातली बरीच मंडळी हे वाचतात, तेव्हा त्यांनीही वाचावं.

आधी वाड्याविषयी, कारण तरुण मंडळींनी तो पडलेलाच पाहिला आहे. १९७० च्या सुमारास आम्ही त्यात बावीस माणसं राहत होतो. आजोबा, म्हणजे अण्णा, त्यांची तीन मुलं, सुना, आम्ही नातवंडं, एक परतून आलेली आत्या आणि मोठी आई. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका १९६२ साली गेले, मूलबाळ नव्हतं. वरती माळवद, पुढे ढेळज, ज्वारीची दोन पेवं आणि परसात आड. बालाघाटच्या दगडातलं बांधकाम, त्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा असे. सैपाकघर मात्र बारा महिने तापलेलंच. एका वेळेला साठ-सत्तर भाकरी पडायच्या आणि त्यातल्या बहुतेक मोठ्या आईच्या हातच्या.

१९७१ च्या उन्हाळ्यात गावाबाहेर टूरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि त्यात 'मुंबईचा जावई' आला. राजा ठाकूर यांचा हा १९७० चा चित्रपट. अरुण सरनाईक, शरद तळवलकर, रत्नमाला ही नटमंडळी, गाणी माडगूळकरांची आणि संगीत सुधीर फडक्यांचं. मुंबईचा जावई मिळाला म्हणून माहेर हरखून जातं आणि मुलगी सासरी येऊन बघते तर चाळीतली इवलीशी जागा आणि त्यात ही एवढी माणसं! नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. त्यातून सगळी धमाल. मुलगी कंटाळून माहेरी निघायच्या बेतात येते आणि शेवटी घरच्यांची माया बघून राहते.

गोष्ट हसण्यासारखी असली तरी तिच्यामागची मुंबई खरी होती. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं राहणं ही नेहमीची गोष्ट. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुनी भाडी गोठली, त्यामुळे असलेली जागा कुणी सोडेना आणि नवी जागा पागडीशिवाय मिळेना. मुलगा लग्नाचा झाला तरी भिंती तेवढ्याच. हाच चित्रपट बासू चॅटर्जींनी १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' म्हणून केला, त्यात जया भादुरी सून झाली.

आमच्याकडून त्या रात्री चौदा जण तंबूत गेले. दोरीच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. परत आल्यावर ढेळजेत जी मतं दिली गेली ती मला आजही पाठ आहेत. अण्णा म्हणाले, "पोरगी शहाणी निघाली. माणसं धरून राहिली." वडील म्हणाले, "मुंबईला पोरगी देऊच नये." धाकटे काका तर तळवलकरांच्या नकला करून करून दमले. माझ्या वहिनी त्याच वैशाखात लग्न होऊन आल्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी त्यांनी माझ्या बायकोपाशी आपलं मत सांगितलं, "त्यांना जागा नव्हती म्हणून तसं झालं. आपल्याला काय झालं होतं?"

हे ऐकून मी चमकलो. कारण आमच्या वाड्यात जागेला तोटा नव्हता. पण पुरुष ढेळजेत किंवा माळवदावर झोपत आणि बाया आत माजघरात, ही रीत. दादा-वहिनींना स्वतःची खोली मिळाली ती पहिल्या बाळंतपणानंतर. एक अख्खी खोली रिकाम्या पोत्यांनी भरलेली होती, ती कुणी रिकामी करून दिली नाही. चाळीतली अडचण भिंतींची होती, आमची मनांची होती. आणि आम्ही सगळे खुशाल चाळीला हसून आलो होतो.

मोठी आई त्या रात्री आली नव्हती, कारण उरलेल्यांना कुणीतरी वाढायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना आम्ही पोरांनी तिला सगळी गोष्ट सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग तव्यावरची भाकरी उलटत विचारलं, "का रे, त्या घरात सैपाक कोण करत होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. चौदा जणांनी चित्रपट पाहिला होता, पण ते एकाच्याही ध्यानात नव्हतं. मग सगळे हसले. तीही हसली.

पुढच्या वर्षी 'बावर्ची' आला. मी अंबाजोगाईला बी.ए. करत होतो, तिथे १९७३ मध्ये पाहिला. हृषीकेश मुखर्जींनी तो तपन सिन्हांच्या 'गल्प होलेओ सत्यि' या १९६६ च्या बंगाली चित्रपटावरून केला होता. घराचं नाव शांतिनिवास आणि आत शांती सोडून सगळं. कटकटींमुळे एकही आचारी टिकत नाही. मग रघू येतो, कमी पगार मागतो, सगळी कामं करतो, सगळ्यांची मनं जुळवतो आणि निघून जातो. राजेश खन्ना रघू झाला होता, पण मी बघत होतो दुर्गा खोटे आणि उषा किरण यांना. आपल्या मराठी बाया त्या हिंदी घरात सुना होऊन भांडत होत्या, याचं मला कौतुक. म्हातारे आजोबा झालेले हरींद्रनाथ चट्टोपाध्याय हे सरोजिनी नायडूंचे भाऊ, जन्म हैदराबादचा. आमचं धारूरही १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातच, म्हणून तेही आपलेच वाटले!

सुट्टीत घरी आल्या आल्या मोठ्या आईला सांगितलं, "तुझ्या प्रश्नाचा चित्रपट निघाला बघ." यावेळीही तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "गडीमाणूस हाय म्हणून देव झाला. बाईनं केलं असतं तर कुणी चित्रपट काढला नसता." बी.ए.च्या तीन वर्षांत मी समीक्षेची जी पुस्तकं वाचली, त्यांत एवढं नेमकं वाक्य मला सापडलं नाही.

ते दिवस दुष्काळाचे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात ज्यांनी भोगला त्यांना वेगळं सांगायला नको. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर. पोरांना सुकडी, मोठ्यांना परदेशातून आलेली लाल मिलो. आमची दोन्ही पेवं रिकामी झाली. माझं असं मत झालं आहे की, आमचा वाडा फुटायला सुरुवात तेव्हाच झाली. पेवातली ज्वारी अण्णांच्या हुकमानं निघत होती तोवर घर अण्णांचं होतं. दुष्काळी कामावर मजुरी ज्याच्या त्याच्या हातात पडायला लागली. चुलतभाऊ कारखान्यात लागायला भोसरीला गेला. पुढे १९७५ मध्ये जमीनधारणेची मर्यादा आणखी खाली आली. त्या धास्तीनं कित्येक घरांनी आधी कागदावर वाटण्या केल्या, त्यात आम्हीही होतो. सातबाऱ्यावर वेगळे आणि पंगतीला एकत्र, अशी काही वर्षं गेली. लोक म्हणतात बायकांच्या भांडणानं घरं फुटली. मी तरी माझ्या घरात असं पाहिलं नाही.

मध्येच एक आठवण सांगतो. १९८० नंतर मी जवळच्याच एका गावात शिक्षक होतो. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर असाच भरल्या घराचा एक विनोदी चित्रपट लागला होता. पटांगण भरलेलं. माझ्या वर्गातल्या एका पोराची आजी शेजारी बसली होती. तिचं घर ऊसतोडीला जाणारं. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातली वस्तीच्या वस्ती पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघते, ती पाडव्याच्या आगेमागे परत येते. तिथे हिशोब 'कोयत्या'वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. कुटुंब मोजायची रीत तिथे नाही. घरी राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. पडद्यावर भांडणं चालली होती, लोक हसत होते. ती आजी मात्र टक लावून बघत म्हणाली, "गुरुजी, सगळे घरीच हायत की! कुणीच कुठं गेलेलं न्हाई." पडद्यावरच्या गर्दीचा हेवा करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

१९८१ साली आम्ही वेगळी चूल मांडली. त्या दिवसापासून आजपर्यंत सगळे समजतात की ती माझ्या बायकोनं मांडायला लावली. 'नोकरदाराची बायको, तिला कुठलं एकत्र राहणं जमायला!' असं अण्णा म्हणाले, मग भावकी म्हणाली, मग गाव. खरं सांगतो, वेगळं व्हायचं मी ठरवलं होतं. माझा पगार अण्णांच्या हातात जायचा आणि पुस्तक घ्यायला मला त्यांच्यापुढे हात पसरावा लागायचा, ते मला सहन होईना. बायको उलट म्हणत होती, "मोठ्या आईंचं कसं होईल? थोडं थांबू." मी थांबलो नाही. आणि दोष तिच्यावर गेला तेव्हा ढेळजेत मान खाली घालून बसून राहिलो. तिनंही कधी कुणापाशी खुलासा केला नाही. २०१९ मध्ये ती गेली.

तेव्हा मला अण्णांचं ते जुनं मत आठवतं, 'पोरगी शहाणी निघाली.' घर टिकलं तर सून शहाणी, फुटलं तर सून वाईट. पुरुषांनी काय केलं, हे तंबूतही कुणी विचारलं नाही आणि वाड्यातही.

त्या वाटणीत आमच्या तीन चुली झाल्या. मोठ्या आईनं तिन्ही घरी आळीपाळीनं चार-चार महिने जेवायचं ठरलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या वाट्यावर हक्क दिला होता. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो, मला ते माहीत होतं. मी बोललो नाही. जिनं तीस वर्षं सगळ्यांची चूल पेटवली, तिला स्वतःची एकही चूल मिळाली नाही. शेवटपर्यंत ती ज्या घरी जाई तिथे पहाटे उठून भाकरी थापायला बसे.

तेव्हा बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. हो, वाडा भरलेला होता आणि मजाही होती. माळवदावरची रात्र, हुरड्याचे दिवस, पोत्यानं येणारी बालाघाटची सीताफळं, ही सगळी मजा मी खोटी ठरवणार नाही. भरलेल्या घराचे चित्रपट जरूर बघ, पोटभर हस. मीही अजून हसतो. फक्त संपल्यावर मोठ्या आईचा प्रश्न एकदा स्वतःला विचारत जा.

आणि आपल्या घरातल्या ज्यांनी ज्यांनी १९८१ चा दोष माझ्या बायकोला दिला, त्यांनी तो आता माझ्या नावावर करून घ्यावा. वाटणीतली एवढी एक नोंद दुरुस्त करायची राहिली होती.