आरंभ कोणत्या पायरीवरून?



कथा सांगूं लागणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, आरंभ कोठून करावा? चरित्रकार नायकाच्या बाळपणापासून सुरुवात करतो. डफावर थाप मारून उभा राहणारा शाहीर एकदम लढाईच्या दिवसापाशीं येतो. दोघांनाहि आपापलें कारण असतें. हाच प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत एका खेळानें निराळ्या स्वरूपांत पुढें मांडला आहे. त्याचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

हा खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. मेजाभोंवतीं चारपांच जण बसतात. एक जण निवेदक होतो. तो स्थळ, प्रसंग आणि शत्रु यांचें वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकीं एक पात्र घेतात, कोणी योद्धा तर कोणी मांत्रिक, आणि आपलें पात्र काय करतें तें तोंडानें सांगतात. जेथें फळ अनिश्चित, तेथें फांसे टाकून निकाल लागतो. पात्राचें सामर्थ्य पायऱ्यांनीं मोजतात. अनुभवाचे गुण सांठले कीं पात्र वरच्या पायरीवर चढतें. आतां, नवें साहस आरंभितांना पात्रें पहिल्या पायरीचीं असावींत, तिसऱ्या, कीं दहाव्या? वरवर पाहतां ही क्षुल्लक बाब. पण साहसाचें सारें स्वरूप तीवर ठरतें.

या पायऱ्यांचें मूळ सैन्याच्या हिशेबांत आहे. १९७१ सालीं गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन या अमेरिकन गृहस्थांनीं ‘चेनमेल’ नांवाचे नियम प्रसिद्ध केले. ते खेळण्यांतील शिपायांच्या मध्ययुगीन लढायांसाठीं होते. त्यांच्या पुरवणींत अद्भुत कथांतील वीरांना स्थान होतें. एक ‘हिरो’ म्हणजे चार शिपायांच्या बरोबर, आणि ‘सुपरहिरो’ म्हणजे आठांच्या, असा हिशेब होता. मिनेसोटांतील डेव्ह आर्नेसन यानें आपल्या ‘ब्लॅकमूर’ नांवाच्या खेळांत या नियमांचा उपयोग केला, आणि एकच पात्र बैठकीमागून बैठकींत जगवून वाढवीत नेलें. पुढें गायगॅक्स व आर्नेसन यांच्या नांवें १९७४ च्या जानेवारींत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन लहान पुस्तिका निघाल्या, पहिली छपाई अवघी १,००० प्रतींची. तींत चौथ्या पायरीवरील योद्ध्याची पदवी ‘हिरो’ आणि आठव्या पायरीवरील ‘सुपरहिरो’! म्हणजे पूर्वीं जो वीर आयताच पटावर येई, त्याला आतां तीन पायऱ्या चढून तें नांव मिळवावें लागे. बुद्धिबळांतील प्याद्यानें शेवटचें घर गांठून वजीर व्हावें, तसाच हा प्रकार.

पहिली पायरी मात्र निर्दय होती. मांत्रिकाचे प्राण एका फांशानें ठरत, म्हणजे एक ते सहा. आणि कोणत्याहि शस्त्राचा घावहि एका फांशाचाच. हिशेब केला तर पहिलाच घाव बसतांच मरण येण्याचा संभव बारांत सात निघतो. त्याच्याजवळ मंत्र एकच, तोहि दिवसांतून एकदां. अशा दुबळ्या जीवानें अंधाऱ्या भुयारांत उतरावें, युक्तीनें वागावें, प्रसंगीं पळून जावें आणि जगावें, असा तो खेळ होता. जो वांचे त्याच्या प्रत्येक पायरीला मोल येई, कारण ती कमावलेली असे.

मग वरच्या पायरीवरून आरंभ करण्याची चाल कशी बळावली? तिला मोठें साहाय्य झालें तें स्पर्धांचें. १९७५ सालीं बाल्टिमोर येथें भरलेल्या ‘ओरिजिन्स’ संमेलनांत गायगॅक्सचें ‘टूम ऑफ हॉरर्स’ हें साहस स्पर्धेसाठीं ठेवलें होतें. स्पर्धा कांहीं तासांची. तेवढ्यांत पहिलीपासून चढणें अशक्य. शाहिराची अडचण येथें उपस्थित झाली: रात्र थोडी आणि सोंगें फार! म्हणून बलाढ्य पात्रें आयतींच घ्यावीं लागलीं. हें साहस १९७८ मध्यें छापून निघालें तेव्हां दहाव्या ते चौदाव्या पायरीचीं पात्रें हवींत, अशी त्यावर सूचना होती. उलट, नवशिक्यांसाठीं गायगॅक्सनेंच लिहिलेलें ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ पहिल्या ते तिसऱ्या पायरीचें होतें.

इतर खेळांनीं निराळीं उत्तरें दिलीं. १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळविषयक खेळानें पायऱ्याच टाकून दिल्या. तेथें पात्र नोकरीचीं कांहीं वर्षें भोगून, अनुभवी होऊन खेळांत येई. आणि त्या पूर्ववृत्ताचे फांसे टाकतांनाच कधीं मरूनहि जाई. १९९१ च्या ‘डार्क सन’ मध्यें जग इतकें रखरखीत व क्रूर कल्पिलें होतें कीं, पात्रें तिसऱ्या पायरीपासूनच सुरू होत. २०१२ च्या ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’नें उलट दिशा धरली: प्रत्येकानें शून्य पायरीचे दोनचार खेडूत घ्यावेत, आणि जे जगतील तेच पहिल्या पायरीचे वीर. आपल्या जुन्या शाळांतील बिगरीच ही. फक्त परीक्षा प्राणांतिक!

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती जुन्या मंडळींत नवा खेळाडू येतो तेव्हां. सर्वांनीं महिनोन्महिने खपून सहावी पायरी गांठली असतां त्याला कोठें बसवावें? पहिलीवर, असें म्हणणाऱ्यांजवळ एक हिशेब आहे. १९७४ च्या नियमांत योद्ध्याला दुसऱ्या पायरीस २,००० गुण लागत, तिसरीस ४,०००, चौथीस ८,०००. असे दुपटीदुपटीनें सहावीस ३२,००० आणि सातवीस ६४,०००. वांटणी सारखी झाली, तर जुने योद्धे सहावीवरून सातवीवर जातील तोंवर नवाहि ३२,००० मिळवून सहावीवर पोंचेल. पांच पायऱ्यांचें अंतर एकीवर येईल. पण तोंवर तो जगला पाहिजे! जो घाव इतरांना ओरखडा, तो त्याला मृत्यु. जगलाच तर इतरांच्या पाठीमागें लपून. पाहुण्याला पंक्तींत बसवावें आणि पान वाढूं नये, तशी त्याची स्थिति होते.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तीनें मध्यम मार्ग काढला. तींत दुसऱ्या पायरीस ३०० व तिसरीस एकूण ९०० गुण पुरतात. उमेदवारीचा काळ थोड्याच बैठकींत सरतो. पुष्कळ अनुभवी मंडळी तर तिसरीपासूनच आरंभ करतात.

या इतिहासावरून मला असें वाटतें कीं, खेळणारे सारेच नवखे असतील तर पहिली पायरीच बरी; कारण प्रत्येक पायरीबरोबर शिकावयाचे नियम वाढतात. हातांत दोनचारच संध्याकाळ असतील, तर वरून आरंभ करण्यांत कमीपणा नाहीं. एकटा नवा आला असेल, तर त्याला इतरांच्या बरोबरीनें किंवा फार तर एक पायरी खालीं बसवावें. मात्र पायरी आयती दिली, तर न चढलेल्या पायऱ्यांवर काय घडलें हें त्या खेळाडूला अवश्य विचारावें: कोणता सोबती गमावला, कोणाचें ऋण राहिलें, कोणत्या भयानें झोंप उडाली? जुन्या खेळांत हें सारें मरणाच्या सावलींत आपोआप मिळे. आतां तें विचारून मिळवावें लागेल, इतकाच फरक.