संगणकांतील रिकामी जागा

नागपुरांत घर बांधणारा मध्यम स्थितीचा गृहस्थ पहिल्या मजल्याशीं थांबतो, तेव्हां गच्चीवरील खांबांच्या सळया तो कापून टाकीत नाहीं. त्या हातभर उंच तशाच उभ्या राहतात, पावसांत गंजतात. परंतु मुलाचें लग्न ठरलें, हातीं चार पैसे आले, म्हणजे पुढचा मजला त्याच सळयांवरून चढतो. संगणकाच्या इतिहासांतही अशा सळया होत्या. त्या कोणीं ठेवल्या, कोणीं कापल्या आणि आज स्वस्त लॅपटॉप विकत घेणाऱ्या कुटुंबाच्या वांट्यास त्यांतील किती उरल्या, याचा वृत्तांत मनोरंजक तर आहेच, पण थोडासा खेदकारकही आहे.

संगणकाची दोन मुख्य अंगें येथें अभिप्रेत आहेत. एक प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणारा कारकून. दुसरें रॅम या नांवानें ओळखली जाणारी स्मृति, म्हणजे त्या कारकुनापुढील मेज. चालू कामाचे कागद मेजावर असतात, बाकीचे कपाटांत. मेज अपुरें पडलें कीं कारकुनास वारंवार उठून कपाटाकडे जावें लागतें. ज्या यंत्रांत कपाटाचें काम फिरत्या तबकडीकडे असतें, तेथें ही ये-जा मेजावरून कागद उचलण्याच्या मानानें सुमारें लाख पटीनें सावकाश होते. यंत्र मंद झालें अशी जी तक्रार घरोघर ऐकूं येते, तिच्या मुळाशीं पुष्कळदां कारकून नसून मेज असतें.

भारतांत बांधलेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांत हें मेज केवढें होतें? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं सिद्ध झालेलें तें यंत्र १९६० सालीं पूर्णपणें कामास लागलें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृति २,०४८ शब्दांची होती व प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. एकेका अंकासाठीं फेराइटचें एकेक इवलेंसें कडें असे आणि त्यांतून बारीक तारा ओंवलेल्या असत. या हिशेबानें ८१,९२० कडीं झालीं, आणि आजच्या मापानें त्या सर्वांची मिळून स्मृति अवघी १० किलोबाइट भरते. ४ गिगाबाइट स्मृतीचा साधा लॅपटॉप घेतला तरी त्यांतील मेज टिफ्रॅकच्या सुमारें चार लक्ष पट मोठें असतें. तरीही तें अपुरेंच पडतें, हा काळाचा महिमा!

टिफ्रॅकचे बांधणारे व वापरणारे एकाच संस्थेंतील होते. यंत्र वाढवावें कीं न वाढवावें, हा त्यांच्या घरचा प्रश्न होता. यंत्र बांधणारा एक आणि तें विकत घेणारा दुसरा, अशी स्थिति झाल्यावर रिकाम्या जागेला खरें महत्त्व आलें. ऑगस्ट १९८१ मध्यें आय.बी.एम. कंपनीनें आपला पहिला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला. त्याचा सर्वांत स्वस्त नमुना १६ किलोबाइट स्मृतीचा होता. परंतु त्याच फळीवर आणखी चिपांसाठीं खोबणींच्या ओळी मोकळ्या होत्या व त्या भरल्या म्हणजे स्मृति ६४ किलोबाइटांवर जाई. ८०८८ या प्रोसेसरशेजारीं तर चाळीस पायांची एक अख्खी खोबण रिकामी ठेवलेली होती. ज्यास अवघड गणित करावयाचें असेल त्यानें पुढें सवडीनें ८०८७ ही चिप आणून तींत बसवावी, अशी ती योजना होती. गच्चीवरच्या सळया त्या ह्याच.

भारतांत नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानें आयातीचे निर्बंध सैल झाले. पुढील दशकांत मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यापासून नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत सुटे भाग जुळवून संगणक तयार करून देणारा एक नवा कारागीरवर्ग उदयास आला. पेंटियमच्या काळांतील खोबणीस एक लहानशी दांडी असे. ती उचलली कीं जुना प्रोसेसर अलगद हातीं येई व नवा त्याच्या जागीं बसे. स्मृतीच्या पट्ट्या तर घरचा शाळकरी मुलगाही बसवूं शके. एका वर्षीं पेटी, दुसऱ्या वर्षीं स्मृति, तिसऱ्या वर्षीं प्रोसेसर, अशा हप्त्याहप्त्यानें संगणक पुरा करणें मध्यमवर्गास परवडलें. त्या कारागिरांपैकीं बहुतेकांचीं नांवें इतिहासांत कोठेंही नाहींत. पण या देशांतील पुष्कळ घरांत संगणक प्रथम शिरला तो त्यांच्याच हातून.

याच सुमारास पुण्यांत रिकाम्या जागेचें तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर आचरणांत येत होतें, आणि त्या कथेचा एक धागा नागपुरांतून निघतो. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत १९४६ सालीं जन्मलेले विजय भटकर हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९६५ सालीं पदवीधर झाले. हें महाविद्यालय तेव्हां जेमतेम पांच वर्षांचें होतें. आज तें विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था या नांवानें प्रसिद्ध आहे. पुढें अतिशक्तिमान संगणक परदेशांतून मिळविण्याचा प्रयत्न भारत सरकारनें केला, तेव्हां अमेरिकेनें तो सहजासहजीं सफल होऊं दिला नाहीं. हवामानाच्या कामासाठीं एक क्रे यंत्र मिळालें, पण तें हवें होतें त्याहून धाकटें, आणि तेंही अनेक अटींसह. म्हणून १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात् ‘सी-डॅक’ स्थापन झालें व भटकरांकडे त्याची धुरा आली. तीन वर्षांची मुदत आणि सुमारें तीस कोटी रुपये एवढ्यांत काम करावयाचें होतें.

एकच अवाढव्य प्रोसेसर घडविणें या पुंजींत शक्य नव्हतें. यास्तव ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर नांवाचे बाजारांत मिळणारे प्रोसेसर घेऊन ते एकमेकांस जोडण्याचा मार्ग स्वीकारण्यांत आला. ट्रान्सप्यूटरचा विशेष असा कीं, शेजाऱ्यांशीं बोलण्यासाठीं चार दुवे त्याच्या अंगींच असत. एकट्यानें राहण्यासाठीं तो जन्मलाच नव्हता. १९९१ सालीं ‘परम ८०००’ लोकांपुढें आला, तो असे ६४ प्रोसेसर एकत्र नांदवून.

परंतु या प्रकरणांतील खरें शहाणपण पुढच्या पावलांत दिसतें. इंटेल कंपनीचा आय-८६० हा अधिक वेगवान प्रोसेसर उपलब्ध झाला, तेव्हां सी-डॅकनें जुनी रचना मोडीत काढली नाहीं. ‘परम ८६००’ मध्यें प्रत्येक गांठीवर एक नवा आय-८६० आणि त्याच्या सोबतीस चार जुने ट्रान्सप्यूटर अशी व्यवस्था केली. वरच्या थरावरील ‘पारस’ ही आज्ञावलींची भूमिका तीच राहिल्यामुळें शास्त्रज्ञांनीं जुन्या यंत्रासाठीं लिहिलेले कार्यक्रम नव्यावरही चालूं शकले. कारकून बदलला, पण दप्तर नव्यानें लिहावें लागलें नाहीं. हीच परंपरा पुढें २०१३ च्या फेब्रुवारींत पुन्हां दिसून आली. सेकंदाला ५४ लाख कोटी क्रिया करूं शकणारा २००८ सालचा ‘परम युवा’ तीन महिन्यांत व सोळा कोटी रुपयांत वाढवून ‘परम युवा-२’ झाला, आणि त्याची क्षमता ५२४ लाख कोटी क्रियांवर गेली. विजेचा खर्च मात्र पूर्वीपेक्षां सुमारें पस्तीस टक्क्यांनीं कमी झाला.

देशांतील मोठीं यंत्रें अशीं वाढत असतां घरांतील लहान यंत्राची गति उलट्या दिशेनें चालली होती. मेजावरच्या पेटीच्या जागीं लॅपटॉप आला. आरंभीं त्यांतही प्रोसेसरला खोबण असे. उष्णता वाहून नेणारा तांब्याचा भाग उचलावा, खोबणीचा स्क्रू पिळावा, आणि त्याच जातीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर बसवावा, हें काम कुशल कारागीर करीत असत. नवा प्रोसेसर त्या फळीच्या आज्ञावलीस ओळखतां आला पाहिजे आणि त्याची उष्णता जुन्या पंख्यास झेपली पाहिजे, एवढें पथ्य मात्र असे. मे महिन्यांत जेथें पारा ४५ अंशांवर चढतो त्या नागपुरांत हें दुसरें पथ्य मोडणाऱ्याचें यंत्र तापून आपण होऊन मंदावे, आणि केलेला खर्च वायां जाई.

२०१३ सालची इंटेलची हॅस्वेल पिढी ही अशा खोबणींची शेवटची ठरली. त्यानंतरच्या ब्रॉडवेल पिढीपासून त्या कंपनीचे लॅपटॉपसाठीं असलेले प्रोसेसर खालच्या बाजूस कथिलाचे बारीक मणी घेऊन येऊं लागले व कारखान्यांतच फळीला कायमचे डकवले जाऊं लागले. स्वस्त यंत्रांत तर हें पूर्वींच घडलें होतें. २००७ सालीं गाजलेल्या आसूसच्या चिमुकल्या ‘ई पीसी’ मध्येंही प्रोसेसर डकवलेलाच होता, स्मृतीची पट्टी मात्र बदलतां येत असे. हें सारें कारखानदारांच्या कपटानें झालें असें म्हणणें अन्यायाचें होईल. खोबण जाडी वाढविते, किंमत वाढविते, आणि ग्राहकांनींच पातळ व हलकें यंत्र मागितलें. परंतु सळया कापल्या गेल्या हें खरें, आणि कापतांना घरमालकास कोणीं विचारलें नाहीं हेंही खरें.

या गोष्टीची झळ २०२० सालीं पुष्कळ घरांना लागली. टाळेबंदींत शाळा पडद्यावर आल्या आणि मुलांसाठीं घाईघाईनें स्वस्त लॅपटॉप घेतले गेले, किंवा कपाटांतील जुने बाहेर निघाले. त्यांतील ४ गिगाबाइट स्मृति वर्ग, व्याख्यान आणि पुस्तक एकाच वेळीं पेलूं शकेना. ज्यांच्या यंत्रांत पट्टीची खोबण होती, त्यांनीं ती ८ गिगाबाइटांवर नेली व यंत्राला नवें आयुष्य मिळालें. येथेंही प्रोसेसरची मर्यादा आड येते. सेलेरॉन एन-४०२० सारखा स्वस्त प्रोसेसर अधिकृतपणें ८ गिगाबाइटांहून अधिक स्मृति स्वीकारीत नाहीं. मेजाची लांबीरुंदी कारकूनच ठरवितो, असा हा प्रकार.

पुढें याहून मोठा धक्का बसला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला ४ गिगाबाइट स्मृति पुरते असें तिच्या कर्त्यांचें म्हणणें. पण इंटेलच्या कोअर मालिकेंतील प्रोसेसर, थोडे अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीचा वा त्यापुढचा हवा. त्यामुळें सहाव्या पिढीच्या लॅपटॉपांत कोणीं १६ गिगाबाइट स्मृति घातली असली, तरी तो त्या यादींत बसत नाहीं, आणि डकवलेला प्रोसेसर बदलतांही येत नाहीं. असें यंत्र ज्यांच्या घरीं आहे, त्यांच्यापुढें लिनक्ससारखी दुसरी प्रणाली घालणें किंवा नवें यंत्र घेणें एवढेच मार्ग उरतात. पहिला मार्ग फुकटाचा आहे आणि लोक समजतात तितका कठीण नाहीं.

भारत सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ सुरू केलें, आणि अमेरिकेंतील फ्रेमवर्क कंपनीनें २०२१ पासून असे लॅपटॉप विकावयास काढले कीं ज्यांची प्रोसेसरसह सारी फळीच बदलतां येते. तेथेंही प्रोसेसर फळीला डकवलेलाच असतो. आणि तीं यंत्रें स्वस्त या वर्गांत मोडत नाहींत. स्वस्त यंत्राचा निकाल अद्यापि कारागिराच्या टेबलावरच लागतो. तो बुडाचे स्क्रू काढतो, विजेरीचा दुवा सोडवतो आणि आंत पाहतो. खोबण असली तर ती डी.डी.आर.-३ ची कीं ४ ची हें तो आधीं तपासतो, कारण दोन्हींच्या पट्टींतील खांच निराळ्या जागीं असते व चुकीची पट्टी बसतच नाहीं. मग नवी पट्टी तिरकी सरकवून तो खालीं दाबतो. दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक् करून मिटतात. खोबण नसली, चिपा फळीलाच डकवलेल्या दिसल्या, तर तो मान हालवतो आणि स्क्रू पुन्हां एकेक करून लावूं लागतो.