रानडुक्कर, बंदूक आणि परवाना

रानडुकराची शिकार म्हटली की इंग्रजी अमदानीतला घोडेस्वार साहेब आणि त्याच्या हातातला भाला डोळ्यांपुढे उभा राहतो. बंगालकडचा भाला आखूड, जड, वरून खुपसण्याचा; मुंबई इलाख्यातला सात-आठ फुटी, हलक्या वेळूचा. बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये या खेळावर ग्रंथच लिहिला. जेथे घोडा दौडू शकतो तेथे डुकरावर गोळी झाडणे या मंडळींना कमीपणाचे वाटे. पण ज्याचा भुईमूग एका रात्रीत उकरला गेला, त्या कुणब्याला हा शौक कसा परवडावा? आम्हांला येथे पाहावयाचा आहे तो त्याच्या बंदुकीचा इतिहास.

हत्याराची निवड जनावर पाहून करावी, हे उघड आहे. पोक्त नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची जणू ढालच असते. पाखरांवरचे बारीक छर्रे तेथे अडतात आणि जखमी डुक्कर उलटून अंगावर येते. म्हणून हवी ती जड, सबंध गोळी. आणि हाताशी दुसरा बार. तोड्याच्या बंदुकीची वात सतत पेटती ठेवावी लागे, आणि डुकराची नजर मंद असली तरी नाक फार तिखट! एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक आली आणि वात गेली. पण दारू-गोळी तोंडातूनच ठासावयाची, म्हणजे एका नळीला बार एकच. पुढे मागून काडतूस भरण्याची दुनळी आली. ‘बारा बोअर’ म्हणजे जिच्या नळीत बसणाऱ्या बारा शिसगोळ्यांचे वजन एक पौंड भरते ती. एकेक गोळी तीन तोळ्यांहून जड. डुकराला पुरेसे असे हे हत्यार होते.

मग ते शेतकऱ्याच्या हाती का आले नाही? याचे उत्तर कायद्यात सापडते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दाराशी उभे केले; युरोपियनाला सूट होती. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा १९६२ मध्ये अमलात आला. त्याने संरक्षणासाठी व शिकारीसाठी वीस इंची किंवा अधिक लांब नळीची गुळगुळीत बंदूक मान्य केली. पीकरक्षणासाठी मात्र ठासणीची! ती अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी. म्हणजे शौकिनाला काडतुसाची, आणि रात्री माळ्यावर जागणाऱ्याला ठासणीची.

सरकारची भीती निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. बंदूक डुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर डुकरालाही संरक्षण दिले; तेव्हापासून पीक नासणाऱ्या डुकराला मारावयासही लेखी परवानगी लागते. वन्य प्राणी राखावेत, हे आम्हांलाही मान्य आहे. पण त्या राखणीचा भार एकट्या शेतकऱ्याच्या शेतावर टाकावा काय? कोणती बंदूक योग्य, हे कारागिराने केव्हाच सांगितले आहे. ती कोणाच्या हाती द्यावी, आणि न दिल्यास त्याच्या नुकसानीचे काय, हे मात्र समाजानेच ठरवावयाचे आहे.