क्षयरुग्णांसाठी आहार सल्ला व निक्षय पोषण योजना : बेंगळुरू

आपण कामानिमित्त बेंगळुरूत राहत असाल आणि क्षयरोगाचे निदान झाले असेल, तर जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात नोंदणी करा. रेशनकार्ड महाराष्ट्रातील असले तरी उपचार मोफत मिळतात.

नोंदणीच्या वेळी वजन व उंची मोजून घ्या. बीएमआय १८.५ पेक्षा कमी असल्यास (उंची १५० सेंमी असेल, तर वजन साधारण ४१.६ किलोपेक्षा कमी) पहिले दोन महिने जादा उष्मांकाचा पूरक आहार देण्याची तरतूद आहे.

काय व किती खावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. क्षयरोगासोबत मधुमेह पुष्कळांना आढळतो. ताकदीसाठी कोणी गूळ, खजूर सुचवले तरी आधी रक्तातील साखर तपासून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळ-अंड्यांचे प्रमाणही डॉक्टरच सांगतील. आपण मेसमध्ये जेवता, रात्रपाळी करता, दारू घेता, हे न लपवता सांगा. सल्ला त्यावरच ठरतो. महागडी प्रोटीन पावडर लागतेच असे नाही. शेंगदाणे, अंडी, डाळ आणि नाचणी (येथे रागी म्हणतात) स्वस्तात मिळतात.

निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४ पासून उपचारकाळात दरमहा १,००० रुपये (पूर्वी ५००) थेट बँक खात्यात जमा होतात. गावाकडील बँकेचे खातेही चालते.

गावी परतायचे असल्यास गोळ्या बंद करू नका. निघण्यापूर्वी केंद्रात निक्षय क्रमांक दाखवून बदलीची नोंद करून घ्या.

चौकशीसाठी निःशुल्क क्रमांक : १८००-११-६६६६